गावच्या तुळया आणि शाहूपुरीतला वरचा मजला

वाचकाचं पत्र:

"आमचं घर कोल्हापूरच्या शाहूपुरीत, खाली-वर असं दोन मजली, १९९४ चं बांधकाम. भुदरगड तालुक्यातलं वडिलोपार्जित घर गेल्या दिवाळीनंतर उतरवलं. त्यातून सागवानाच्या आठ तुळया निघाल्या, साधारण ६ बाय ८ इंची, दहा फूट लांब. शिवाय नक्षीचे चार खांब आहेत. सगळं लाकूड गावीच चुलत्यांच्या गोठ्यात ताडपत्रीखाली ठेवलंय. मुलगा पुण्याहून कायमचा परत येतोय. वरच्या मजल्यावरची १२ बाय १६ फुटांची खोली त्याला द्यायची आणि तिथं या तुळयांच्या फळ्या काढून लाकडी जमीन करायची, असं मनात आहे. सौ. म्हणते, करायचंच तर खालचा हॉलही करू, चार लोक तिथंच येतात. ठेकेदार म्हणतो, आहे त्या मोझॅकवर फोम अंथरून फळ्या टाकतो, गणपतीच्या आत खोली तयार. त्याचंच दुसरं म्हणणं असं की लाकूड विकून टाका आणि रेडीमेड वूडन फ्लोअरिंग घ्या, स्वस्तात पडेल. २०१९ ला आणि २०२१ ला खाली गुडघाभर पाणी होतं, ते वेगळं सांगायला नको. काय करावं?"
– एक निवृत्त मुख्याध्यापक, शाहूपुरी

सर,

पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत. उत्तराला तिथूनच हात घालतो. खालच्या हॉलमध्ये लाकूड घालू नका. साग नको, ओक नको, दुकानात 'वॉटरप्रूफ' म्हणून दाखवतात ते तर नकोच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की सखल भागातली माणसं गाद्या वर न्यायला लागतात आणि ४३ ची धोका पातळी ओलांडली की फ्रिज उचलायला माणसं शोधतात, हे शाहूपुरीकराला मी काय सांगणार. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं. पुराचं पाणी फळीला नुसतं वरून भिजवत नाही. ते सांध्यातून गाळ घेऊन खाली उतरतं आणि पूर ओसरला तरी फळीच्या पोटाखाली मुक्काम ठोकतं. वरून पुसलेली जमीन कोरडी दिसते, खालची बाजू मात्र फुगत असते. मग फळीच्या कडा उचलतात, खिळे ढिले होतात, खालचा प्लाय पापुद्रे सोडतो आणि सगळं उखडून टेंपोत भरावं लागतं. फरशीला नळी लावली, खराटा मारला, फिनेल टाकलं की काम झालं. वहिनींची हौस मोडू नका, लाकडाच्या रेषांची व्हिट्रिफाइड टाइल मिळते, ती हॉलला लावा. चार लोक येतील ते बसून बोलतील, वाकून जमीन तपासणार नाहीत.

तसंही दोन्हीकडे पुरेल एवढं लाकूड तुमच्याकडे नाही. वखारीतला व्यवहार घनफुटात चालतो, त्या मापाने बघा. ६ बाय ८ इंची, दहा फुटी तुळई म्हणजे ३.३ घनफूट, आठांचे मिळून साडेसव्वीस. तुमची खोली १९२ चौरस फूट. इंचभर जाडीची फळी चिरली तर ती रंधून २० मिलिमीटरच्या आसपास उतरते, आणि तेवढ्या जमिनीला अशी इंची फळी १६ घनफूट लागते. नव्या ओंडक्याचा हिशेब वेगळा. जुन्या तुळईत कुसवांच्या, म्हणजे सांधा बसवायच्या, खाचा असतात, मोळ्यांची, म्हणजे जाड लोखंडी खिळ्यांची, भोकं असतात, टोकाला भेगा असतात आणि भिंतीत बसवलेलं टोक हमखास खराब असतं. करवतीच्या भुशात जातं ते आणखी वेगळं. निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत चांगली फळी हाती लागली तरी समाधान माना. म्हणजे १३ ते १६ घनफूट. त्यातही दोन फळ्या एकमेकींत बसवायला एका कडेला जीभ आणि दुसरीला खाच काढतात, तिथं रुंदी थोडी घटते. थोडक्यात, एक खोली कशीबशी.

कपाटाखाली फळी घातली नाही तर ती आरामात होईल. बारा फुटी भिंतीला दोन फूट खोलीचं कपाट करणार असाल तर २४ चौरस फूट तिथंच वाचले. वाचवायलाच हवेत असंही आहे, कारण फर्निचरवाला जड कपाट थेट लाकडी जमिनीवर ठोकून बसवतो आणि त्याखालच्या फळ्या हलायच्या बंद होतात. फळ्या हलाव्या लागतात, ते पुढे येतंच. एवढं करूनही चार-दोन फळ्या कमी पडल्या तर कडेची एक ओळ टिंबर मार्केटातून नव्या सागाची आणा. रंगात फरक दिसेल. दिसू द्या. पण तेवढ्यासाठी खांबांना करवत लावू देऊ नका. ठेकेदार सुचवेलच, आत्ताच नाही म्हणून ठेवा.

विकायचं का? माझं मत, नाही. "रेडीमेड वूडन फ्लोअरिंग" या एका नावाखाली आपल्याकडे तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली लॅमिनेट: लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, वर लाकडाचा छापील फोटो आणि त्यावर कडक पारदर्शक थर. दुसरी इंजिनिअर्ड वूड: खाली प्लायचे आडवे-उभे थर आणि वर दोन ते चार मिलिमीटर खरं लाकूड. तिसरी अख्ख्या लाकडाची फळी. ठेकेदार स्वस्त म्हणतोय ते बहुतेक पहिलं. नमुना हातात घेऊन कापलेल्या कडेकडे बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड. कडेला सपाट तपकिरी भुसा दिसला तर लॅमिनेट. लॅमिनेट वाईट नसतं, भाड्याच्या ऑफिसला ठीक आहे. पण त्याच्यासाठी जुन्या सागाचा गाभा विकायचा? हल्ली लागवडीचा साग लवकर तोडतात, त्यात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त आणि गाभा कमी. तुमच्या तुळयांत गाभाच गाभा असणार. मात्र "घरचंच लाकूड, म्हणजे फुकटात जमीन" असंही धरून चालू नका. चिराई, रंधाई, जीभ-खाच, खालचा प्लाय, मजुरी, घासाई आणि पॉलिश धरून खर्च चांगल्या इंजिनिअर्ड वूडच्या जवळपास जाऊ शकतो. पैसे वाचतात म्हणून हे करायचं नाही, हे घरात सगळ्यांना आधीच माहीत असू द्या.

आता वेळ. माझं तुमच्या ठेकेदाराशी खरं भांडण इथं आहे. कोल्हापुरात लाकडी जमीन टिकते की नाही हे कारागिराच्या हाताइतकंच पंचांगावर ठरतं.

लाकूड कापून शंभर वर्षं झाली तरी हवेतली ओल घेणं-सोडणं थांबवत नाही. खोलीतली आर्द्रता बरेच दिवस ३५ टक्क्यांवर राहिली तर लाकडातला ओलावा ७ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. ६० ला तो ११ च्या घरात असतो आणि ८५ ला १७ च्या पुढे जातो. आपल्याकडे आषाढात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि फाल्गुन-चैत्रात ओठ फुटतात. त्याच खोलीत तीच फळी हे दोन्ही सोसणार. पॉलिश केलेली, दारं-खिडक्यांच्या आतली फळी एवढी टोकं गाठत नाही, पण ९ ते १४ टक्के एवढी ये-जा तरी धराच.

याचा जमिनीवर काय परिणाम होतो ते मोजून सांगतो. फळी लांबीला जवळजवळ बदलत नाही, जे काही होतं ते रुंदीला. आडवी चिरलेली, म्हणजे तोंडावर डोंगरासारख्या कमानी दिसणारी सागाची १०० मिलिमीटर रुंद फळी ओलाव्याच्या एका टक्क्याला साधारण ०.१९ मिलिमीटर फुगते किंवा आकसते. ऐकायला काहीच नाही. पण १२ फूट रुंदीत अशा छत्तीस फळ्या शेजारी-शेजारी बसतात, तेव्हा एका टक्क्याला सगळी मिळून सात मिलिमीटर सरकतात आणि तीन टक्क्यांना वीस. साग तसा शांत लाकूड, परदेशी ओक याच्या जवळपास दुप्पट हलतो.

गणपतीच्या आत, ऐन ओल्या हवेत, फुगलेल्या फळ्या बसवल्या तर त्या दिवशी जमीन छान घट्ट दिसेल. शिमग्यापर्यंत मात्र फळ्या आकसून प्रत्येक सांध्यात फट पडेल आणि त्यात कचरा जाऊन बसेल. उलट आत्ता कडक उन्हाळ्यात, सुकलेल्या फळ्या भिंतीला भिडवून ठोकल्या तर आषाढात त्यांना फुगायला जागा उरणार नाही आणि मध्येच जमीन उचलेल. म्हणून मधली वेळ. दिवाळी झाली, हवा जरा कोरडी झाली आणि लाकूड ११ टक्क्यांच्या आसपास आलं की बसवायचं. तिथून ते दोन-अडीच टक्के खाली जाईल आणि तीन टक्के वर. वरच्या तीन टक्क्यांची वीस मिलिमीटर वाढ सामावायला लांबीच्या दोन्ही भिंतींशी बारा-बारा मिलिमीटर मोकळी जागा सोडायची. ही जागा स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकली जाते. ते स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, जमिनीला नाही.

मुलगा यंदाच्या गणपतीला मोझॅकवरच झोपेल. लहानाचा मोठा त्यावरच झालाय.

थांबायचं म्हणजे बसून राहायचं असं मात्र नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत लाकूड गावाहून हलवा. गोठ्यात ताडपत्रीखाली पावसाळा काढू देऊ नका, ताडपत्रीच्या आत कोंडलेल्या ओलीने लाकूड उघड्यापेक्षा जास्त सडतं. ट्रक सांगण्याआधी गारगोटीला वन विभागाच्या कार्यालयात जाऊन घर उतरवल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला दाखवा आणि वाहतूक परवान्याचं विचारून घ्या. सागवान आहे, वाटेत कुणी अडवलं की कागद लागतो. वखारवालाही चिराईला घेताना कागद मागेल.

वखारवाला त्याआधी एक प्रश्न विचारेल: मोळे काढलेत का? जुन्या तुळईत लोहाराने घडवलेले चौकोनी मोळे असतात. डोकं तुटून आतल्या आत राहिलेले असतात आणि वर चुलीच्या धुराचा काळा थर बसलेला असतो, त्यामुळे डोळ्याला दिसत नाहीत. बँडसॉचं पातं अशा एका मोळ्यावर गेलं की दात उडतात आणि पात्याची भरपाई तुमच्या बिलात येते. म्हणून आधी तारेच्या ब्रशने तुळई घासून घ्या. मग दोरीला बांधलेला जोरदार लोहचुंबक चारी बाजूंनी अंगालगत फिरवा, तो जिथं ओढ घेईल तिथं खडूने फुली मारा. खोलवरचे मोळे चुंबकाला सापडत नाहीत, त्याला हातात धरायचा मेटल डिटेक्टर लागतो, तो सुताराकडे किंवा वखारीत असतो का बघा. मोळा निघाला की भोकाभोवती लाकूड निळं-काळं पडलेलं दिसेल. तो लोखंडाचा डाग, रंध्याने पूर्ण जात नाही. ते डागाळलेलं लाकूड टाकून देऊ नका. भोक सागाच्या खुंटीने बुजवा आणि ती फळी खिडकीच्या उजेडात, दिसेल अशी बसवा. निवडून स्वच्छ केलेली जमीन हवी असेल तर मग दुकानातलीच बरी.

चिरताना वखारीत स्वतः उभे राहा. तुळई कशी फिरवून धरली यावर फळीच्या रेषा ठरतात. तोंडावर कमानी न येता सरळ उभ्या रेषा आल्या तर ती फळी कमानीवाल्या फळीच्या निम्मीच हलते. सगळ्या फळ्या तशा निघणार नाहीत, पण जेवढ्या निघतील तेवढ्या वेगळ्या काढा आणि बाल्कनीच्या दाराजवळ, जिथं हवेचा फरक जास्त, तिथं वापरा. रुंदी चार इंचांच्या वर नेऊ नका. रुंद फळी दिसते राजेशाही, पण वाकडीही तेवढीच होते.

त्याच वेळी वाळवी बघा. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, कडेचं पांढरं लाकूड मात्र आवडीने खाते. हातोडीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भदभद आवाज आला तर तिथं पटाशी घालून बघा. पांढरा भाग शक्य तेवढा कापून टाका, उरलेल्याला पेस्ट कंट्रोलवाल्याकडून औषध मारून घ्या आणि मगच लाकूड घरात घ्या. गावची वाळवी ट्रकमधून शाहूपुरीत आणू नका, तिथली तिथं पुरेशी आहे.

चिरलेल्या फळ्या त्याच खोलीत रचायच्या, जिथं त्या बसणार. खाली तीन-चार आडव्या पट्ट्या, त्यावर फळ्यांचा थर, पुन्हा बरोबर त्याच रेषेत पट्ट्या, पुन्हा थर. फळीला फळी चिकटता कामा नये आणि सगळ्यात वर चार शहाबादी फरश्यांचं वजन. तुळईचं पोट वर्षानुवर्षं बंद होतं, उघडं पडल्यावर ते आपल्या मर्जीने वळतं. काही फळ्या पन्हाळीसारख्या होतील, त्या रंध्यात सरळ होतात. म्हणूनच आत्ता घाईने रंधून घेऊ नका, रंधाई दिवाळीच्या सुमाराला. हजार-दोन हजारांत दोन सुयांचा मॉइश्चर मीटर मिळतो, तो घ्या. दर पंधरा दिवसांनी त्याच ठरावीक चार-पाच फळ्यांत सुया खुपसून आकडा वहीत लिहा. आयुष्यभर हजेरीपट ठेवलाय तुम्ही, हे काम तुमच्याइतकं चोख कुणी करणार नाही. आकडा हलायचा थांबला आणि ११ च्या मागे-पुढे आला की सुताराला बोलवा.

फळ्या सुकताहेत तोवर हा पावसाळा खोलीच्या तपासणीसाठी वापरा. पश्चिमेच्या खिडकीतून झड आत येते का? आपल्याकडचा पाऊस वाऱ्यासकट तिरका येतो, साध्या छज्जाला जुमानत नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी केलं होतं? खोलीला लागून बाथरूम असेल तर त्या भिंतीच्या पायथ्याला रंगाचे पोपडे आलेत का? यातलं एकही उत्तर वाईट आलं तर आधी ते काम, मग लाकूड. मोझॅकसाठी सोपी परीक्षा आहे. दीड फुटी चौकोनी जाड प्लास्टिक जमिनीवर पसरा, चारी कडा रुंद चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस-रात्र ठेवून उचला. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला दव धरलं किंवा मोझॅक काळसर पडलं तर खालून ओल येतेय. वरच्या मजल्यावर असं सहसा होत नाही, पण बाथरूमच्या बाजूला एकदा आणि मध्यावर एकदा बघाच.

ठेकेदाराचं फोम अंथरून टाकायचं गणित तुमच्या फळ्यांना लागू नाही. ते क्लिकवाल्या लॅमिनेट किंवा इंजिनिअर्ड पाट्यांचं, ज्या एकमेकींत अडकून एकसंध चादर होतात आणि फोमवर तरंगतात. तिथं ते योग्यच आहे. अख्ख्या लाकडाची प्रत्येक फळी स्वतंत्र हलते, तिला खालून पकड लागते. म्हणून मोझॅकवर आधी २०० मायक्रॉनचं पॉलिथिन, जोडाला सहा इंच एकावर एक घेऊन चिकटपट्टी मारलेलं. त्यावर आयएस ७१० मार्कचा १८ मिलिमीटर मरीन प्लाय, प्लग आणि स्क्रूने पक्का. ड्रिल मारण्याआधी जमिनीतून वायरिंगचा किंवा पाण्याचा पाइप गेलाय का ते आठवा, जुन्या प्लंबरला विचारा. प्लायच्या दोन तुकड्यांत तीन मिलिमीटर जागा. मोझॅकमध्ये खोलगट भाग असेल तर तीन मीटरची सरळ पट्टी ठेवून बघा, खाली पाच मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी दिसली तर आधी ती भरून घ्या. नाहीतर पुढची वीस वर्षं त्याच जागी करकर वाजत राहील.

या सगळ्यात जमीन दीड इंच वर येईल. दार खालून कापावं लागेल आणि उंबऱ्याशी पायरी तयार होईल. तिथं उतरती पट्टी बसवून घ्या, रात्री अंधारात तिथंच अंगठा आपटतो.

बसवण्याबद्दल थोडक्यात. फळ्या १६ फुटांच्या दिशेने लांब जाव्यात, म्हणजे फुगायची बाजू १२ फुटांचीच राहते. भिंतीवर भरवसा ठेवून पहिली ओळ धरू नका, सूत बांधा, तीन-चार-पाच फुटांच्या त्रिकोणाने काटकोन तपासा. शेजारच्या ओळींचे आडवे सांधे निदान आठ इंच पुढे-मागे हवेत. तुमच्या फळ्या खाचा वगळून दोन-अडीच फुटांपासून सहा फुटांपर्यंत निघतील, त्यामुळे ठोकण्याआधी एकदा सगळी जमीन नुसती मांडून बघा. दीड इंची खिळा जिभेतून तिरका, आठ-दहा इंचांवर एक. जुना साग कडक आणि ठिसूळ झालेला असतो, खिळ्याआधी बारीक ड्रिल मारल्याशिवाय जीभ चिरते. सुतार कंटाळा करील, लक्ष ठेवा.

पॉलिशवाला मेलामाइनचं पॉलिश सुचवेल, कारण त्याचा हात त्यावर बसलाय. ते कपाटाला. जमिनीला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, तेही मॅट, तीन हात, प्रत्येक दोन हातांमध्ये बारीक घासाई. सागात मुळातच तेलकटपणा असतो, त्यामुळे पहिला हात मारण्याआधी थिनरने पुसून घेतलं नाही तर पीयू पुढे सालीसारखं सुटतं. चकचकीत फिनिश घेऊ नका, महिन्याभरात प्रत्येक ओरखडा ओरडून सांगतो. पीयूचा प्लास्टिकसारखा हात आवडत नसेल तर हार्डवॅक्स ऑइल, म्हणजे तेल आणि मेणाचं मिश्रण, घ्या. ते दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावं लागतं, पण एका जागी खराब झालं तर तेवढंच दुरुस्त होतं. मी माझ्या खोलीला तेच लावलं असतं. जवसाचं किंवा असं कुठलंही सुकणारं तेल वापरलं तर एक कटाक्षाने पाळा: तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

घासाईच्या दिवसांत सागाचा भुसा सगळ्या घरात जाईल. नाकाला, डोळ्यांना, कातडीला त्याचा त्रास होतो. खोलीचं दार बाहेरून बंद करून फटीला ओली फडकी लावा आणि काम करणाऱ्या पोरांना मास्क घ्यायला लावा.

वहिनींना आणि कामाच्या मावशींना एवढंच सांगून ठेवा, या खोलीत बादली आणायची नाही. कोरडा मॉप रोज, घट्ट पिळलेलं फडकं आठवड्यातून एकदा. पलंगाच्या आणि खुर्चीच्या पायांना नमद्याचे तुकडे. दारात पायपुसणं, कारण पॉलिश खराब होतं ते चपलेखालच्या वाळूने.

राहता राहिले पैसे. दर ठरवताना "चौरस फुटाला इतके" एवढ्यावर थांबू नका. प्लाय कुणाचा, रंधाई-जीभखाच कुणी करायची, घासाई मशीनने की हाताने, पॉलिशचे हात किती, स्कर्टिंग आणि उंबऱ्याची पट्टी त्यात आहे की वेगळी, हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. बसवायच्या दिवशी मीटरवर दिसलेला ओलाव्याचा आकडाही त्याच कागदावर तारखेसह मांडा. आणि शेवटचा दहा टक्के हप्ता पुढच्या वर्षीचा आषाढ जाईपर्यंत हातात ठेवा. तो कुरकुरेल, "एवढं कोण थांबतंय सर" म्हणेल. काम चांगलं करणारा थोडी घासाघीस करून पाच टक्क्यांवर तयार होतो. अजिबात तयार नसेल तर टिंबर मार्केटात दारं-चौकटी करणाऱ्या दोन सुतारांकडे विचारून बघा, दिवाळीपर्यंत तुमच्या हातात वेळ आहे.